२६० डॉलर आणि २३ खेळाडू

फेब्रुवारीच्या मध्यावर फ्लोरिडात आणि ॲरिझोनात बेसबॉलचे पिचर आणि कॅचर सरावाला हजर होतात. इकडे न्यू जर्सीत तेव्हा अंगणात बर्फ असतं आणि गाडीची काच खरवडून ऑफिस गाठावं लागतं. अशा दिवसांत काही माणसांच्या डोक्यात एकच विचार चालू असतो: यंदा कोणता खेळाडू किती डॉलरला घ्यायचा? त्या जमातीतला मी एक. नव्वदच्या दशकाच्या मध्याला पुण्याहून इथे नोकरीला आलो. ऑफिसातल्या लोकांची एक फँटसी बेसबॉल लीग होती, तिच्यात एक जागा रिकामी झाली, ती मला मिळाली. तेव्हापासून मार्च हा माझ्यासाठी यादीचा महिना आहे. ती यादी तेव्हा कशी व्हायची आणि आता कशी होते, यात जमीन-अस्मानाचा फरक पडलाय.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लीगमध्ये बारा मालक. प्रत्येकाकडे २६० डॉलर, आणि त्यात २३ खरे खेळाडू घ्यायचे, १४ फलंदाज आणि ९ पिचर. दोन कॅचर हवेत, तीन आउटफील्डर चालणार नाहीत, पाच लागतात, अशी जागांची वाटणी ठरलेली. मग मोसमभर ते खेळाडू खऱ्या मैदानावर जे करतील ते तुमच्या खात्यात जमा. आमच्याकडे आधी आठ रकाने होते. फलंदाजांचे होमरन, त्यांनी घरी आणलेल्या धावा, चोरलेले बेस आणि सरासरी. पिचरांचे विजय, सेव्ह, ईआरए आणि एका डावामागे किती जणांना बेसवर जाऊ दिलं त्याचं गुणोत्तर. पुढे धावा आणि स्ट्राइकआउट वाढले, दहा झाले. प्रत्येक रकान्यात पहिल्याला १२ गुण, शेवटच्याला १. सप्टेंबरअखेर ज्याची बेरीज मोठी तो जिंकला.

या खेळाचं जुनं नाव रोटिस्री. १९७९-८० च्या हिवाळ्यात डॅनियल ओक्रेंट या संपादक-लेखकानं आपल्या मित्रांपुढे ही कल्पना मांडली, आणि ती मंडळी जेवायला जमत त्या मॅनहॅटनमधल्या ‘ला रोटिस्री फ्रांसेझ’ रेस्टॉरंटचं नाव खेळाला चिकटलं. पहिला लिलाव १९८० च्या वसंतात झाला. ओक्रेंटच्याही आधी, १९६० मध्ये, बॉस्टनला विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर असाच एक डाव मांडला होता. तो मिशिगन विद्यापीठात पोचला, तिथे रॉबर्ट स्क्लार या प्राध्यापकांपर्यंत गेला, आणि ओक्रेंट त्यांचा विद्यार्थी. रोटिस्रीचे बरेचसे मूळ भिडू पत्रकार किंवा प्रकाशन व्यवसायातले होते. मे १९८१ मध्ये ओक्रेंटनं ‘इन्साइड स्पोर्ट्स’ मासिकात त्यावर लेख लिहिला. त्याच उन्हाळ्यात खेळाडूंचा संप झाला, जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मैदानं बंद, आणि लिहायला सामनेच नसलेल्या वार्ताहरांच्या हाती हा विषय लागला. १९८४ मध्ये नियमांचं पुस्तक आलं. ओक्रेंटला स्वतःची ती लीग कधीच जिंकता आली नाही, हे आमच्याकडे नव्या भिडूला हमखास सांगितलं जायचं.

मला ते पुस्तक दिलं आमच्या लीगच्या कमिशनरनं. ब्रुकलिनमध्ये लहानाचा मोठा झालेला, निवृत्तीला टेकलेला गृहस्थ. त्याच्या लहानपणी डॉजर्स ब्रुकलिनमध्ये होते आणि १९५७ च्या मोसमानंतर ते लॉस एंजेलिसला निघून गेले, याचं दुःख त्याला चाळीस वर्षांनंतरही ताजं होतं. म्हणूनच की काय, आमची लीग फक्त अमेरिकन लीगच्या खेळाडूंची होती. डॉजर्स ज्या दुसऱ्या लीगमध्ये, त्या नॅशनल लीगचं नाव घ्यायचं नाही. पुस्तक हातात ठेवताना तो एवढंच म्हणाला, की नियम यात आहेत, बाकीचं पेपरात आहे.

बाकीचं खरोखरच पेपरात होतं. तेव्हाची यादी करायची म्हणजे आधी वर्षभर बॉक्स स्कोअर वाचलेले असावे लागत. बॉक्स स्कोअर म्हणजे सामन्याचा धावफलक, बोटभर रुंदीच्या रकान्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत. कोण कितव्या क्रमांकावर खेळला, कुणाला आठव्या डावात बदललं, कुणी बेस चोरला, सगळं त्यात. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने आमच्या वेळेनुसार मध्यरात्रीनंतर संपत, त्यामुळे सिॲटल, ओकलंड, अनाहाइमचे आकडे सकाळच्या पेपरात नसत. ज्यांचे खेळाडू तिकडचे, त्यांना एक दिवस कळ काढावी लागे. ‘यूएसए टुडे’नं १९९१ मध्ये बेसबॉलचं स्वतंत्र साप्ताहिक काढलं होतं. त्याचा अंक स्टँडवर आला की दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून दोघं-तिघं एकदमच बाहेर पडत आणि एकमेकांकडे न बघता परत येत.

फेब्रुवारीत मासिकांचे मोसमपूर्व अंक यायचे. पण ते डिसेंबरात छापायला गेलेले. मधल्या काळात कुणाची बदली झाली, कुणाच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, यातलं काही त्यांत नसे. त्यामुळे छापील क्रमवारीवर कुणी विसंबत नसे. ती समोर ठेवायची आणि आपली वेगळी मांडायची. माझी यादी फुलस्केप वहीत असे. डाव्या पानावर फलंदाज, जागेनुसार. उजव्या पानावर पिचर. नावापुढे गेल्या तीन वर्षांचे आकडे, मग वय, मग पेन्सिलीनं किंमत. पेन्सिलीनं, कारण खरं काम पुढे असायचं. बारा मालकांचे प्रत्येकी २६० म्हणजे एकूण ३,१२० डॉलर. घ्यायचे खेळाडू २७६. तेव्हा मी मांडलेल्या २७६ किमतींची बेरीज बरोबर ३,१२० आलीच पाहिजे.

ऐकायला हे सोपं वाटतं. पहिल्या बेरजेला माझे आकडे नेहमी तीन-चारशेनं जास्त निघत. आवडता प्रत्येक खेळाडू दोन-दोन डॉलरनं फुगलेला असायचा. मग एकेकाच्या किमतीवर रबर फिरवायचं, आणि ते करताना स्वतःशी वाद घालावा लागे. याला २२ देतोय तर त्याला १९ का? शॉर्टस्टॉपच्या जागी चांगले पाचच दिसतायत, मग पाचव्याची किंमत चढवायची की सहाव्याची पाडायची? एकूण पैशांपैकी पासष्ट ते सत्तर टक्के फलंदाजांवर लावायचे, असा सर्वसाधारण दंडक होता, कारण पिचरचा खांदा केव्हा दगा देईल याचा नेम नाही. रोटिस्रीतल्या क्रमवारीचं मर्म मला या बेरजेनं शिकवलं. कोण कितवा हा प्रश्न दुय्यम. एकाच्या पुढे दुसरा किती डॉलरनं आहे, आणि एका जागेवरचा माणूस संपला की खाली काय उरतं, हे खरे प्रश्न.

कॅचरचंच बघा. तेव्हा अमेरिकन लीगमध्ये १४ संघ होते. आम्हाला प्रत्येकी दोन, म्हणजे २४ कॅचर लागत. प्रत्येक खऱ्या संघाकडे दोनच कॅचर, फार तर तीन. म्हणजे आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, मुख्य कॅचरला विश्रांती द्यायला जो उभा राहतो तोसुद्धा आमच्यापैकी कुणाच्या तरी संघात असणार. त्याची सरासरी २२० आहे की २४० हे मला माहीत असायला हवं. खऱ्या चाहत्यांनासुद्धा ठाऊक नसलेली ही नावं आम्ही घोकत असू, आणि माझं त्या खेळावर प्रेम बसलं ते या दुय्यम कॅचरांमुळे. सितारे कुणालाही आवडतात.

१९९७ चा मार्च माझ्या विशेष लक्षात आहे. आदल्या मोसमात बाल्टिमोरच्या ब्रॅडी अँडरसननं ५० होमरन मारले होते. त्याआधी कोणत्याही वर्षी त्याचे २१ च्या वर गेले नव्हते. आता त्याला यादीत कुठे बसवायचं? ऑफिसात यावरून दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, बत्तिसाव्या वर्षी माणसाला सूर सापडला. दुसरी बाजू म्हणे, एकदाच पिकलेलं शेत आहे. सूत्र वगैरे आमच्यापाशी काही नव्हतं. आम्ही तीन वर्षांचे आकडे बघत होतो आणि डोळ्यांनी पाहिलेला त्याचा स्विंग आठवत होतो. तो आमच्या लिलावात तिशीच्या पुढे गेला. त्या वर्षी त्यानं १८ होमरन मारले.

त्याच मार्चमधला दुसरा वाद मारियानो रिवेरावरून. १९९६ मध्ये यांकीज जिंकले तेव्हा शेवटचा डाव जॉन वेटलंड टाकायचा आणि त्याच्या आधीचे दोन डाव रिवेरा. वेटलंड टेक्ससला गेला आणि रिवेराकडे क्लोजरची जागा आली. त्याच्यापाशी तोवर मोसमभराचे म्हणून पाचच सेव्ह. हा माणूस सामना संपवू शकेल का? कमिशनरनं त्याच्यावर मोठी बोली लावली. कारण विचारलं तर म्हणाला, त्याला मी ऑक्टोबरात पाहिलंय. रिवेरानं त्या वर्षी ४३ सामने राखले, आणि पुढची सोळा वर्षं तो काय होता ते साऱ्यांना माहीत आहे. क्रमवारीत डोळ्यांनी पाहिलेल्याला तेव्हा अशी किंमत होती.

(नॅशनल लीगवाल्यांच्या डोक्याला डेन्व्हरचा वेगळाच ताप. समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर विरळ हवेत चेंडू लांब जातो, त्यामुळे तिथले फलंदाज सोनं आणि तिथले पिचर विष. खेळाडू किती मोठा आणि मैदान किती मोठं, याची फोड त्यांना दरवर्षी करावी लागे.)

लिलाव एप्रिलच्या पहिल्या शनिवारी कुणाच्या तरी तळघरात होई. बारा माणसं, लांब टेबलं, सँडविचचे ट्रे, आणि मी गेल्यापासून एका डब्यात माझ्याकडची बाकरवडी. सकाळी दहाला बसायचं ते दिवेलागणीपर्यंत. पाळीपाळीनं एकेकानं नाव पुकारायचं, मग ज्याला हवं त्यानं बोली चढवायची. तुमच्या हातात प्रत्येक क्षणी एक आकडा तयार हवा: उरलेले पैसे, वजा उरलेल्या जागांपेक्षा एक कमी. समजा माझ्यापाशी ४० डॉलर आहेत आणि सहा जागा भरायच्यात. पाच जागांना निदान एकेक डॉलर लागणार, म्हणजे आत्ता पुकारलेल्या माणसासाठी मी ३५ च्या पुढे जाऊ शकत नाही. हा आकडा माझा मला ठाऊक असणं पुरेसं नाही, बाकीच्या अकरांचाही ठेवावा लागतो. समोरच्याकडे क्लोजरची जागा उरली आहे का? असेल तर त्याच्यापाशी किती आहेत? जाणती माणसं सुरुवातीला स्वतःला नको असलेली मोठी नावं पुकारत, म्हणजे दुसऱ्यांच्या खिशातले पैसे तिथे संपावेत. काही जण चाळीस-चाळीसचे चार मोहरे घेऊन उरलेल्या जागा डॉलर-दोन डॉलरच्या माणसांनी भरत. मला स्वतःला सोळा ते बावीस डॉलरची माणसं आवडत, कारण एखादा जखमी झाला तरी डोलारा कोसळत नाही.

आणि मग संध्याकाळी शेवटचा तास यायचा, एका डॉलरच्या खेळाडूंचा. पैसे संपलेले, चेहरे थकलेले, आणि वहीच्या तळाशी लिहिलेली नावं बाहेर पडू लागलेली. मी मनात धरून ठेवलेला तो दुय्यम कॅचर अजून कुणी पुकारलेला नाही. माझी पाळी यायला तीन माणसं आहेत. पलीकडे एकाच्याही कॅचरची जागा रिकामी आहे, आणि त्याच्यापाशी तीन डॉलर आहेत. या पंधरा मिनिटांची धडधड मला त्यानंतर कुठल्याही ड्राफ्टमध्ये जाणवलेली नाही.

आमच्या लीगमध्ये खेळाडू पुढच्या वर्षी त्याच किमतीत राखता येत. त्यामुळे दुसऱ्या वर्षापासून यादीत भाववाढ आली. बारा जणांनी मिळून ६०० डॉलरमध्ये खरे ९०० डॉलरचे खेळाडू राखले असतील, तर लिलावात उरले २,५२० डॉलर आणि माल उरला २,२२० चा. म्हणजे प्रत्येक किमतीवर साडेतेरा टक्के चढवायचे. ३० चा खेळाडू ३४ ला गेला तर तो महाग गेला नाही. हे गणित ज्याला कळलं तो तीन वाजेपर्यंत शांत बसून राहत नसे. आणि एकाच लीगपुरतं खेळण्याचा एक घाव असा, की खेळाडू दुसऱ्या लीगमध्ये विकला गेला की तुमच्या हातून गेला. ३१ जुलै १९९७ ला मार्क मॅकग्वायर ओकलंडहून सेंट लुइसला गेला. तोवर त्याचे ३४ होमरन झाले होते. पुढचे २४ त्यानं नॅशनल लीगमध्ये मारले आणि ते आमच्यातल्या त्याच्या मालकाच्या कुठल्याच खात्यात जमा झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला तेव्हा सगळे त्याला चहा विचारत होते.

त्यानंतरचं सगळं भराभर बदललं. गुणांचा तक्ता आधी हातानं, मग टपालानं, मग फॅक्सनं यायचा. १९९९ पासून याहूनं लीग फुकट चालवायला दिली आणि सकाळी उठल्याबरोबर आपण कितवे ते पडद्यावर दिसू लागलं. बॉक्स स्कोअरची सवय मोडली. कागदी संघ सांभाळायला लागणारे कष्ट कमी झाले तसे लाखो नवे लोक आले, आणि ते चांगलंच झालं. त्यांच्यामुळे लिलावाऐवजी साप-ड्राफ्टची पद्धत सगळीकडे रूढ झाली. त्यात बोली नाही. पहिल्या फेरीत एक ते बारा, दुसऱ्या फेरीत बारा ते एक अशा उलटसुलट क्रमानं एकेक नाव उचलायचं. तासा-दोन तासांत आटोपतं, शिकायला सोपं. पण पहिली निवड चिठ्ठीनं ज्याला मिळाली त्यालाच सर्वांत मोठा खेळाडू मिळणार. लिलावात तोच खेळाडू बारा जणांपैकी कुणालाही मिळू शकतो, फक्त किंमत मोजायची तयारी हवी. मी आजही लिलावाच्या बाजूनं भांडतो ते यासाठी.

भाकितं सुधारली, हा खरा मोठा बदल. २००३ मध्ये नेट सिल्व्हरची ‘पेकोटा’ ही भाकिताची पद्धत आली. टॉम टँगोनं ‘मार्सेल’ नावाची पद्धत काढली, तिचा गाभा शाळकरी मुलालाही सांगता येईल: गेल्या तीन वर्षांना ५, ४, ३ असं वजन द्यायचं, मग आकडा सर्वसाधारण खेळाडूच्या दिशेनं थोडा ओढायचा, मग वयाप्रमाणे कमी-जास्त करायचा. ब्रॅडी अँडरसनला ती लावून बघितली. ५०, १६ आणि १२. पहिल्याच पायरीवर २९ येतात, आणि ओढल्यावर त्याहून खाली. आमच्या तळघरातला महिन्याभराचा वाद अर्ध्या मिनिटात मिटला असता. या पद्धतीबद्दल मला मनापासून आदर आहे. तिनं अफवांना आणि दिखाऊपणाला यादीतून हाकललं.

२०१५ पासून प्रत्येक मैदानावर स्टॅटकास्टचे कॅमेरे आहेत. चेंडू बॅटवरून किती वेगानं सुटला, किती अंशांत वर गेला, पिचरनं त्याला किती फिरक दिली, हे सगळं मोजलं जातं. पूर्वी आम्ही निकाल बघून खेळाडू ओळखायचो, आता निकालाआधीचं बघता येतं. माझी मुलगी गेली काही वर्षं माझ्याबरोबर संघ चालवते. गेल्या मार्चमध्ये मी एका बावीस वर्षांच्या पोराचं नाव वहीतून खोडत होतो, सरासरी अगदीच पडलेली होती म्हणून. ती म्हणाली, “बाबा, थांब. याचा बॅट स्पीड बघ आधी.” तिनं फोन पुढे केला. चेंडू सणसणत जात होता, फक्त सरळ क्षेत्ररक्षकांच्या हातात. आम्ही तो चार डॉलरला घेतला.

खेळच पालटला, त्याबरोबर जुनी सूत्रंही गेली. एक वेळ अशी होती की पहिल्या दर्जाचा पिचर मोसमात दोनशेच्या वर डाव टाकणार हे गृहीत असे. २०२४ मध्ये दोनशेचा आकडा गाठणारे दोन्ही लीग मिळून चारच होते. मे २०१८ मध्ये टँपा बेनं सर्जियो रोमो या शेवटच्या डावांच्या माणसाला सामन्याचा पहिला डाव टाकायला लावला, आणि ‘ओपनर’ नावाचा प्रकार रुळला. विजय कुणाच्या नावावर पडेल ते आता सांगता येत नाही. रिवेरासारखा एकच एक क्लोजर ठेवणारे संघ थोडे राहिले, बाकीचे सेव्ह वाटून देतात. १९९८ मध्ये रॉन शँडलरनं ‘लिमा’ योजना मांडली होती: पिचरांवर एकूण ६० डॉलरच्या पुढे जायचं नाही, आणि स्ट्राइकआउट-वॉकचं प्रमाण चांगलं असलेले अनोळखी पिचर स्वस्तात उचलायचे. आमच्याकडे तिच्यावर दोन जण जिंकले. आज तो निकष फोनवर सगळ्यांसमोर असतो, म्हणून स्वस्तातला अनोळखी पिचरच उरलेला नाही.

चोरलेल्या बेसची गंमत उलटी. मधल्या वर्षांत चोरी इतकी आटली होती की चाळीस बेस चोरणारा खेळाडू दिसला की त्याला सोन्याचा भाव. २०२३ मध्ये नियम बदलले. बेस १५ इंचांचे १८ इंच झाले, पिचरवर घड्याळाचं बंधन आलं, धावकाला बेसवर डांबून ठेवायला तो किती वेळा चेंडू फेकू शकतो यावर मर्यादा आली. एका वर्षात चोरलेले बेस २,४८६ वरून ३,५०३ वर गेले. त्या मार्चमध्ये ज्यांनी नियमाचा मसुदा वाचला होता आणि जे नुसत्या भाकितांवर बसले होते, त्यांच्यातला फरक मेमध्येच दिसला. यादीत स्वतःचं डोकं चालवायला अजून जागा आहे, हे मला तेव्हा नव्यानं पटलं.

ती जागा आकसली आहे हेही खरं. आज प्रत्येक खेळाडू सरासरी कितव्या क्रमांकावर उचलला जातो याचा आकडा ड्राफ्टच्या पडद्यावर नावाशेजारी छापलेला असतो. हजारो ड्राफ्टांतून निघालेला तो आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो. पण बारा माणसं त्याच आकड्याकडे बघत असली की बारा याद्यांची एकच यादी होते. मला हे खटकतं. कुणी म्हणत नाही, याला मी पाहिलंय. आमच्या तळघरात कमिशनरची यादी म्हाताऱ्या पिचरांनी भरलेली, हिशेब विभागातल्या एकाची चोरांनी, माझी कॅचरांनी. लिलाव पाहून कोण कसा माणूस आहे हे ओळखता यायचं. आजच्या ड्राफ्टमध्ये साठ सेकंदांची घटिका भरली की यंत्र तुमच्या वतीनं यादीतलं पुढचं नाव उचलतं, आणि ते नाव चुकीचं नसतं, फक्त कुणाचंच नसतं.

२० फेब्रुवारी २००८ ला मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला तेव्हा मी रात्र जागवली होती. धोनी १५ लाख डॉलरला चेन्नईकडे गेला, आणि प्रत्येक संघाची थैली ५० लाखांची. माझी नजर खेळाडूंपेक्षा उरलेल्या थैल्यांकडे. कुणाकडे यष्टिरक्षक नाही? त्याच्यापाशी किती उरलेत? ऑफिसातली माझी अमेरिकन मंडळी, ज्यांना क्रिकेटचा गंध नव्हता, ती दुसऱ्या दिवशी आकडे वाचून तावातावानं बोलत होती, की पहिल्याच टप्प्यात एवढे संपवायला नको होते. पुढे पुण्याच्या भाचरांनी फोनवर फँटसी क्रिकेटचे संघ लावायला सुरुवात केली. तिथे खेळाडूची किंमत कंपनी ठरवून द्यायची आणि डाव एका सामन्यात संपायचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आल्यावर ते थांबलं. मी त्यांना रोटिस्रीचे नियम क्रिकेटला लावून पाठवले आहेत: आठ जण, लिलाव, संपूर्ण आयपीएलभर एकच संघ, पैसे फक्त कागदावरचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे नाशिकला आजोळी जमतात, पण आयपीएल मार्चअखेरीसच सुरू होते, म्हणून लिलाव होळीच्या सुट्टीत करायचा घाट आहे.

आमची लीग चालू आहे. कमिशनर गेला, त्याच्या जागी त्याचा मुलगा आला. चार जण दुसऱ्या राज्यांत राहतात, ते पडद्यावर दिसतात. बाकीचे आम्ही अजून एकत्र बसतो. आता लीगपुढे प्रश्न आहे तो अमेरिकन लीगपुरतंच खेळण्याचा. डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओहतानी अनाहाइमहून डॉजर्सकडे गेला, म्हणजे अमेरिकनमधून नॅशनलमध्ये, आणि त्याला राखून ठेवलेल्या मालकाचा हात रिकामा झाला. पुढच्याच वर्षी ओहतानीनं ५४ होमरन आणि ५९ बेस अशी कामगिरी केली, जी कुणीच कधी केली नव्हती, आणि आमच्यापैकी एकाच्याही खात्यात तिचा दाणा पडला नाही. आता सगळे संघ सगळ्यांशी खेळतात, दोन्ही लीगचे नियम एक झाले, मग ही भिंत कशाला, असं तरुण मंडळी विचारतात. त्यांचा मुद्दा साफ चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही लीग एकत्र केल्या तर ३० संघांतून २४ कॅचर घ्यायचे. मग सगळे मुख्यच. रविवार दुपारच्या त्या माणसाला ओळखण्याची गरज संपली, शेवटचा तास संपला, आणि छापील आकड्यावर नाव उचलून मोकळं होण्यात आणि आमच्यात फरक राहिला नाही.

मतदान पुढच्या आठवड्यात आहे. माझं मत मी सर्वांना कळवून ठेवलंय: अमेरिकन लीगच, लिलावच, आणि प्रत्येकी दोन कॅचर. तीन जण माझ्या बाजूला आहेत, मुलगी धरून चार. आणखी तिघांना फोन करायचे आहेत. दरम्यान कॅचरांचं पान मांडायला घेतलंय. पहिले नऊ झाले, पुढच्या पंधरांवर काम चालू आहे.